लांजीच्या जंगलातली बुई

आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात एक लोखंडी कपाट होतं. ते उघडलं की डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरायचा आणि दिवसभर साडीला चिकटून राहायचा. त्या कपाटात बालाघाट जिल्ह्यातली झाडं होती, म्हणजे त्यांचे वाळवलेले नमुने. जाड पांढऱ्या कागदावर दोऱ्यानं टाचलेली फांदी, तिच्यावर फूल किंवा फळ आणि खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर झाडाचं नाव, ते कुठे आणि कधी सापडलं, कुणी आणलं, एवढंच. याला हर्बेरियम म्हणतात. झाड मरून जातं, जंगल तुटतं, तरी ती चिठ्ठी सांगत राहते की हे इथं होतं. म्हणून चिठ्ठीवर खोटं लिहिणं हे आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट समजतात.

साठच्या दशकाच्या मध्यावर मी त्या कपाटाची राखणदार झाले. नागपूरला मावशीकडे राहून एम.एस्सी. केली होती आणि डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच लागले होते. छप्पन साली नागपूर मराठी भागाबरोबर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही नव्या मध्य प्रदेशात राहिलो. बाबा जंगलखात्यात होते, रेंजर होते, त्यांना इकडेच ठेवलं. घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी, असं आमचं चालायचं. बाबांची रेंज लांजीच्या बाजूची होती. महिन्यातले निम्मे दिवस ते तिकडेच असत.

विभागात आम्ही तिघंच होतो. विभागप्रमुख सागरकडचे, हिंदी बोलणारे, पोटभर हसणारे आणि कशातही फारसं न पडणारे. दुसरे एक प्राध्यापक, भंडाऱ्याकडचे मराठी. आणि मी. हे प्राध्यापक हुशार होते, पण त्यांच्याजवळ बसावंसं कुणाला वाटत नसे. शाळेतली मुलं पाटी झाकतात तसे ते चिठ्ठी लिहिताना डावा हात आडवा धरायचे. कुठे गेलो होतो ते कधी सांगायचे नाहीत. रविवारी सायकल बसच्या टपावर टाकून निघायचे आणि सोमवारी चपलांना माती घेऊन वर्गात यायचे.

हिवाळ्यातल्या एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर एक शीट ठेवलं.

"ओळखा बघू."

फांदी राखाडी, लवदार. शेंड्याला पांढऱ्या मऊ लोकरीसारखे तुरे. मी म्हटलं, "कापूरमाधुरी." ती आपल्याकडे बांधाबांधावर असते.

ते खूश होऊन हसले. "सगळे हेच म्हणणार. ही बुई. मारवाडातली. तिकडे वाळूच्या टेकड्यांवर वाढते. लोक हिचा कापूस उशांत भरतात, उंटाच्या खोगिरात भरतात. आणि ही मला कुठं मिळाली? वाचा."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, लांजीच्या पलीकडे, राखीव जंगल, नाल्याच्या वाळूत.

मी वर पाहिलं. साग-बांबूचं जंगल, पावसाळ्यात जिथे जळवा चढतात, तिथे वाळवंटातलं झाड? त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला नव्या झाडाचा नाही, मी चकित झाल्याचा वाटला. शंकेची पहिली काडी माझ्या मनात तिथेच पडली.

विभागप्रमुखांनी एक जास्तीचा नमुना मोठ्या हर्बेरियममधल्या तज्ज्ञांकडे पाठवला. उत्तर आलं तेव्हा आंब्याला मोहोर आला होता. ओळख बरोबर आहे, बुईच आहे, पण या भागात तिची नोंद नाही. ठिकाण शंकास्पद, खात्री करून घ्यावी. विभागप्रमुखांनी पत्र वाचून चष्मा काढला आणि मला म्हणाले, "देखिए, लेबल में गड़बड़ होती है कभी-कभी. किसी से भी हो सकती है." ते 'किसी से भी' त्यांनी असं म्हटलं की मला कुणाबद्दल ते लगेच कळलं.

कारण आदल्याच वर्षी प्राध्यापक जोधपूरला एका प्रशिक्षणाला गेले होते.

मग मी कपाटातले त्यांचे न टाचलेले नमुने काढून पाहिले. झाडं वाळवताना जुन्या वर्तमानपत्रात ठेवतात. बुईच्या दोन्ही जास्तीच्या फांद्या हिंदी वर्तमानपत्रात होत्या आणि ते वर्तमानपत्र जोधपूरचं होतं.  मी ते विभागप्रमुखांना दाखवलं नाही. सरळ प्राध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

ते चिडले नाहीत, उलट आवाज खाली आला. "तिकडून येताना भांडी गुंडाळायला रद्दी घेतली होती. तीच झाडं दाबायच्या प्रेसला वापरतो. रद्दी फेकून द्यायची का?"

"मग जागा दाखवाल?"

"पुढच्या थंडीत."

"आत्ता का नाही?"

 त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि वर्गावर गेले.

त्या शनिवारी बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते आंघोळ करून पाटावर बसले होते, आई भाकरी वाढत होती.

"माह्या रेंजमध्ये?" बाबा म्हणाले. "त्या मास्तरनं पास काढला नाई. नाक्यावर त्याचं नाव नाई. शिरलाच नाई तो जंगलात. वाळवंटातलं झाड म्हणे! खोटं हाये ते."

"तज्ज्ञ म्हणतात झाड खरंच आहे."

"झाड असन खरं. जागा खोटी हाये. लिहून दे तुह्या साहेबाले, रेंजर म्हणते तिथं असं काई नाई."

मी सोमवारी विभागप्रमुखांना तसं सांगितलं. रेंजरचा शब्द आहे म्हटल्यावर ते गंभीर झाले. प्राध्यापकांशी विभागात कुणी नीट बोलेनासं झालं. शिपाईसुद्धा त्यांचा चहा शेवटी आणायचा. ते मात्र काही बोलत नव्हते, आणि त्यांचं न बोलणं मला गुन्हेगाराचंच वाटायचं.

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. मी बाबांना म्हटलं होतं, "मला एकदा न्या त्या नाल्यावर. मीच बघते." त्यावर आधी ते म्हणाले, आत्ता वाघाचं भय आहे. नंतर म्हणाले, जीप नाही. मग म्हणाले, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? बाबा मला लहानपणापासून जंगलात नेत आलेले. वाघाचं भय त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नव्हतं. जागा दाखवायला टाळणारी माणसं आता दोन झाली होती.

लांजीजवळच्या एका खेड्यात माझी आत्या राहायची. बाबांची थोरली बहीण, धानाची शेती, अंगानं दणकट, जिभेनं त्याहून. होळीनंतर मोह गळायला लागला की ती बायांबरोबर पहाटे जंगलात जायची. मी आईला म्हटलं, आत्याकडे जाऊन येते. आईनं तिच्यासाठी चिवड्याचा डबा दिला. किरनापूरवरून जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून मी सगळा रस्ता हाच विचार करत होते, की मी कुणाला पकडायला निघालेय.

संध्याकाळी आत्याच्या अंगणात खाटेवर बसून मी विचारलं, "आत्या, राखीव जंगलातल्या नाल्यावर कोणी सायकलवाला मास्तर आलता का?"

"मास्तर? मले नाई मालूम. पर तिथं उंटवाले होते ना परसालच्या थंडीत."

"उंटवाले?"

"हौ. उंट, मेंढ्या, बायापोरं. राजस्थानातून येतेत नाई का दरसाली. शेतात मेंढ्या बसवतेत लोकं, खत भेटते. पर त्या साली ते जंगलातच होते बाप्पा, लय दिवस."

"राखीव जंगलात? कोणी बसू दिलं?"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी मुद्दाम वेड पांघरतेय. "कोनं म्हणजे? तुह्या बापानं."

 तीच पुढे हसत म्हणाली, "दूधतूप भेटत असन साहेबाले. आमाले काय करायचं? आमाले तर मोह वेचू देल्ला, बस्स."

तिनं हे अगदी सहज म्हटलं. तिच्यासाठी त्यात भावाची बदनामी नव्हती. साहेब लोक असंच करतात, हा तिचा हिशेब होता. पण मला ते गिळवेना. त्या थंडीत मी अजून नागपूरलाच शिकत होते. दिवाळीनंतर थेट उन्हाळ्यात घरी आले तेव्हा आईच्या खाटेवर एक नवी काळी घोंगडी होती, जाड, आपल्याकडे विणतात तशी नव्हे. आणि फळीवर तुपाचा मोठा डबा. मी विचारलं होतं, कुणी दिलं? आई म्हणाली होती, "तुझ्या बाबाले विचार." मी विचारलं नव्हतं. तेव्हा त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पहाटे आत्या आणि आणखी चार बाया टोपल्या घेऊन निघाल्या, मी त्यांच्याबरोबर. मोहाखाली पिवळट फुलांचा सडा पडला होता आणि वास असा दाट की डोकं जड व्हावं. बाया वेचायला बसल्या. आत्या मला घेऊन पुढे नाल्याकडे उतरली.

नाला तिथे वळण घेतो. वळणाच्या आतल्या बाजूला वाळूचा रुंद पट्टा होता. आणि त्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, पुराचं पाणी सहसा पोचत नाही तिथे, बुई उभी होती. एक नाही, बरीच झुडपं, माझ्या कमरेइतकी. पांढरे तुरे उन्हात चमकत होते. मी आजवर ती फक्त कागदावर चपटी झालेली पाहिली होती. उभी पाहिली तेव्हा ती मला आपल्या जंगलात परक्या गावी आलेल्या माणसासारखी दिसली.

"हे होय ते झाड?" आत्या म्हणाली. "बकऱ्याबी खात नाईत याले."

झुडपांच्या मधल्या वाळूत चुलीचे काळे दगड होते. उंटाच्या लेंड्या पावसानं भुगा होऊन पसरल्या होत्या. आणि एका झुडपाच्या बुडाशी अर्धवट गाडलेली एक गोणपाटाची गादी. मी काठीनं ओढली. शिवण फाटली आणि आतून मातकट, कुजलेला कापूस बाहेर आला. हातात घेऊन चोळला. त्यात त्याच तुऱ्यांचे देठ होते. उंटाचं फाटकं खोगीर फेकून दिलेलं, आणि त्याच्या भरतीतून आलेलं बी पावसात या वाळूत रुजलेलं. खोगीरभरती हा शब्द आपण निकामी गोष्टीसाठी वापरतो. ती माझ्या तळहातावर होती आणि तिनं दोन माणसांचं खरंखोटं करून ठेवलं होतं.

प्राध्यापक खरे होते. पास न काढता चोरून जंगलात शिरले होते, म्हणून जागा दाखवत नव्हते, एवढंच. आणि बाबा खोटं बोलले होते.

मी एक झुडूप मुळासकट काढलं, गादीचा एक तुकडा घेतला आणि दोन्ही आत्याच्या लुगड्याच्या जुन्या धडप्यात गुंडाळलं.

घरी आल्यावर मी ते प्रेसमध्ये दाबून कपाटाखाली ठेवलं आणि बाबांची वाट पाहिली. ते आले तेव्हा त्यांच्याकडे बघताना मला सगळंच बदललेलं दिसत होतं. त्यांनी आईला दिलेली भाजीची पिशवी, त्यांचा नवा टॉर्च, गार्डानं आणून दिलेली लाकडं, प्रत्येक वस्तूकडे पाहून मनात यायचं, हे कुठून आलं? आपल्याच घरात मी चौकशी अधिकाऱ्यासारखी फिरत होते. स्वतःची किळस यायची आणि तरी नजर थांबायची नाही.

सकाळी ते व्हरांड्यात बुटाची नाडी बांधत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, मी नाल्यावर जाऊन आले."

ते वर न पाहता म्हणाले, "आत्या बोलली असन."

"उंटवाल्यांना तुम्ही बसवलं?"

"हौ."

"काहून?"

त्यांनी एक बूट बांधून पुरा केला. मग म्हणाले, "अवकाळी पडला होता. तू नागपूरले होती. गावच्या लोकायनंच त्यायले शेतात मेंढ्या बसवाले बलावलं होतं. पानी आलं, धानाच्या बांध्या भरल्या, मेंढ्या पटापट मरू लागल्या. मंग लोक म्हणाले, निघा, आमच्या जनावरायले रोग लागन. रस्त्यावरबी उभं राहू देल्लं नाई. त्यायच्यात एक बाई दिवस भरलेली होती. मी म्हटलं, चला, नाल्याच्या रेतीवर बसा. रेतीत चिखल होत नाई."

"परवानगी?"

"अर्ज करत बसलो असतो तर मेंढ्या काय थांबणार होत्या?"

"मग पाऊस थांबल्यावर?"

"मंग... राह्यले थोडे दिवस. बाई बाळंत झालती."

"आणि ते तूप? घोंगडी?"

दुसऱ्या बुटाच्या नाडीवर त्यांचे हात थांबले. "जाताना ठेवून गेले. परत देवाले त्यायच्या उंटामागं पळू का मी?"

"बाबा, पण तुम्ही मला खोटं सांगितलं."

"तुले नाई सांगितलं," ते म्हणाले. "तुह्या कॉलेजले सांगितलं."

मला त्यांच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा होता. ती खरी वाटण्यासारखी होती. पण ती इतकी नीट होती, पाऊस, मरणाऱ्या मेंढ्या, गरोदर बाई, की मला वाटलं, असं सांगितलं की समोरचा गप्प बसतो हे त्यांना ठाऊक आहे. आधी दया आली आणि मग तूप आलं, की आधी तूप ठरलं आणि मग दया सुचली, हे मला कोण सांगणार होतं?

"शीटवर काय लिहिणार तू?" त्यांनी विचारलं.

"जे दिसलं ते."

ते उठले, टोपी घातली आणि फाटकाबाहेर गेले. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

त्यानंतर मी विभागप्रमुखांना एवढंच म्हटलं, की आपण सगळ्यांनी जाऊन जागा पाहू. मला वाटत होतं, झुडपं त्यांच्या डोळ्यांनी पाहिली की मला काही सांगावंच लागणार नाही. रीतसर पास निघाला. त्यावर बाबांचीच सही होती. आम्ही तिघं आणि एक वनरक्षक असे एका सकाळी नाल्यावर पोचलो.

वळणावरचा वाळूचा पट्टा काळा होता. बुईच्या जागी जळके खुंट आणि राख. गादीचाही पत्ता नव्हता. चुलीचे दगड तेवढे होते, पण सगळीकडेच राख, ते वेगळे कसे ओळखणार?

प्राध्यापक त्या राखेत उकिडवे बसले. बोटांनी चाचपत राहिले. मग माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही आधी येऊन गेला होता?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आणि घरी सांगितलंत."

विभागप्रमुख वनरक्षकाला विचारत होते, "यह आग कैसे लगी?"

"महुआवाले जलाते हैं साहब, पत्ता साफ करने को."

खरं आहे, मोहाखालचा पाचोळा जाळतातच. मी नंतर आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जाळतो आमी मोहाखाली. पर नाल्याच्या रेतीत मोह कोठी हाये?"

 परतताना जीपमध्ये विभागप्रमुखांनी प्राध्यापकांकडे पाहून एकदा सुस्कारा टाकला. त्याचा अर्थ स्पष्ट होता, बघा, काही नव्हतं तिथं. प्राध्यापक बाहेर पाहत होते. त्यांची मान ताठ होती. मला तो माणूस तेव्हाही आवडला नाही. पण त्याच्यावर जे चाललं होतं ते मला दिसत होतं, आणि ते थांबवणारी वस्तू माझ्या घरी कपाटाखाली पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रेस विभागात नेलं. वाळलेलं झुडूप मुळासकट कागदावर ठेवलं, शेजारी खोगिराच्या गादीचा तुकडा. विभागप्रमुखांना नाल्यावर काय काय पाहिलं ते सांगितलं. उंटांचंही. कुणी बसवलं ते त्यांनी विचारलं नाही, मला वाटतं मुद्दामच. पण चिठ्ठीवर मी लिहिलं, राखीव जंगलातल्या उंटवाल्यांच्या जुन्या तळावर, बहुधा खोगिराच्या भरतीतून आलेली. खाली माझी सही केली. लिहिताना हात आडवा धरला नाही.

प्राध्यापकांनी ते वाचलं. मला वाटलं होतं ते काही म्हणतील. ते म्हणाले, "हे तुम्ही तुमच्या नावानं छापणार आहात का?"

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. पुढे कित्येक आठवडे ते माझ्या टपालावर लक्ष ठेवून असत. त्यांची नोंद छापून आली तेव्हा तिच्यात माझा उल्लेख नव्हता. वर्षभरात ते दुसऱ्या कॉलेजात गेले. जाताना सगळ्यांना भेटले, मलाही. "तुम्ही नसता तर मला खोटाच ठरवलं असतं," असं म्हणाले, आणि लगेच जोडलं, "अर्थात तुम्हीच आधी ठरवलं होतं." दोन्ही खरं होतं.

मोठ्या हर्बेरियमकडे गेलेल्या माहितीवरून असो की कुणी मुद्दाम सांगितल्यावरून, विभागीय जंगल कार्यालयातून बाबांना खुलासा मागितला गेला. राखीव जंगलात चराई कशी झाली? बाबांनी काय उत्तर दिलं ते त्यांच्या हेडक्लार्कनं आईला सांगितलं. एवढंच लिहिलं होतं, की परवानगी मी दिली. पाऊस नाही, मेंढ्या नाहीत, बाळंतीण नाही. हेडक्लार्क हळहळत होता, कारण तरी लिहायचं होतं साहेबांनी, निभावलं असतं. मी ते ऐकून आणखीच गोंधळले. कारण खरं असतं तर लिहिलं का नाही? आणि खोटं असतं, तर लिहायला काय जात होतं?

त्यांची बदली बैहरकडे झाली, लाकडाच्या डेपोवर, जिथे कोणाला जायचं नसतं. पगारवाढ रोखली. आई माझ्याबरोबर बालाघाटलाच राहिली. तिनं मला दोष दिला नाही, फक्त एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "एका झाडासाठी बाप?"  शेजारच्या घरांत वेगळंच चालू होतं. पोरीनं बढतीसाठी बापाला विकलं, असं म्हणत. बढती तर सोडाच, मी पुढची कितीतरी वर्षं डेमॉन्स्ट्रेटरच होते. पण संशयाला असल्या गोष्टींची गरज नसते, हे मला आता कोणी सांगायला नको होतं.

बाबा सुटीवर येत तेव्हा माझ्याशी बोलत. जेवलीस का, पंखा दुरुस्त केला का, असं. त्याच्या पलीकडे नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात मी एकटीच बैहरच्या बसमध्ये बसले. त्यांचं क्वार्टर सालईच्या झाडांमध्ये होतं, दोन खोल्या आणि पुढे पडवी. मला पाहून ते चकित झाले, पण "काहून आली?" एवढंच म्हणाले. त्यांनी स्वतः वरणभात केला. मीठ जास्त पडलं होतं, आम्ही दोघंही तसंच जेवलो. दुपारी ते मला डेपोमागच्या रानात फिरवायला घेऊन गेले. वाटेत एका वेलीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "हे काय होय?"

माझ्या आयुष्यात बाबांनी मला झाडाचं नाव विचारलं नव्हतं. लहानपणी तेच मला सांगायचे. मी नाव सांगितलं. ते त्यांनी चुकीचं उच्चारलं, मी दुरुस्त केलं, त्यांनी पुन्हा म्हटलं. थोडं पुढे गेल्यावर आणखी एक विचारलं. माझ्या मनात लगेच आलं, हे मला मनवण्यासाठी तर नाही? आणि मग त्या मनाचाच मला कंटाळा आला. एका तोडलेल्या सालाच्या ओंडक्यावर आम्ही बसलो तेव्हा मी सरळ विचारलं.

"बाबा, नाल्यावरची बुई तुम्ही जाळली?"

ते डेपोतल्या लाकडांच्या थप्प्यांकडे पाहत होते.

"हौ," ते म्हणाले. "गार्डाले सांगितलं नाई. मीच गेलतो."

मी पायानं समोरचा पाचोळा बाजूला सारला.

"मले वाटलं, ते झाडच नसन तर तुले काई लिहा नाई लागणार." मग ते पुढे म्हणाले, "तू पैलेच घेऊन गेलती, हे मले काय मालूम."

यात त्यांनी स्वतःची नोकरी वाचवली की मला वाचवायचं ठरवलं होतं, ते मी विचारलं नाही. दोन्ही असेल. पण जो माणूस मला हे, त्यानं न सांगता कधीच कळलं नसतं असं, तोंडावर सांगू शकतो, त्यानं पावसाची गोष्टही खरीच सांगितली असावी, असं मला त्या ओंडक्यावर बसल्या बसल्या वाटलं. पुरावा नव्हता. नुसतं वाटलं, आणि पुष्कळ दिवसांनी मी त्या वाटण्याची उलटतपासणी केली नाही.

पुढच्या वर्षी लांजीला गेले तेव्हा नाल्यावर जाऊन आले. जळक्या खुंटांपैकी काहींना बुडातून राखाडी पालवी फुटली होती. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मोठा पूर आला आणि वाळूचा तो पट्टाच वाहून गेला. आता तिथे दगड आहेत. बालाघाटच्या कपाटात मात्र बुईची दोन शीटं आहेत, एक प्राध्यापकांचं आणि एक माझं.

त्या दिवशी बैहरहून शेवटची बस लवकर सुटायची. बाबा मला स्टँडवर सोडायला आले. बस निघताना त्यांनी खिडकीशी येऊन म्हटलं, "पुढच्या खेपेले आईलेबी आण. अन् ते तुही काच आण, भिंग. इथं दगडफुलं लय हायेत, मले नावं मालूम नाईत."

मी पुढच्या महिन्यात दोन्ही घेऊन गेले.